‘इतर’ नावाचा खांब

बँकेच्या नोकरीत एका शाखेवर माझी बदली झाली, तेव्हा तिथल्या तक्रारवहीची पानं संपत आली होती. कुणाचं पासबुक भरलेलं नाही, कुणी रोखीच्या खिडकीपुढे तासभर उभा, कुणावर कारकून खेकसलेला. ज्याचा आवाज मोठा त्याचं काम आधी, हीच आमची अग्रक्रमाची पद्धत!

तीन महिने असेच गेले. मग एका रविवारी ती वही मी घरी आणली. तक्रारी कारणांनुसार वेगळ्या केल्या, मोजल्या आणि मुलीच्या आलेखवहीत खांब काढले. सर्वांत उंच डावीकडे, मग उतरत्या क्रमानं बाकीचे. वरून एकूण टक्केवारीची चढती रेघ. पहिल्या दोन खांबांतच निम्म्याहून अधिक तक्रारी! पासबुकं भरणं आणि रोख देणं एकाच माणसाकडे होतं. ते काम वाटून देताच गर्दी ओसरली.

या आलेखाला विल्फ्रेडो पॅरेटो (१८४८–१९२३) याचं नाव आहे. संपत्ती थोड्यांच्या हाती कशी एकवटते, याचा अभ्यास या इटालियन अर्थशास्त्रज्ञानं केला. कारखान्यातले बहुतेक दोष मोजक्याच कारणांतून उपजतात, हे मात्र सांगितलं जोसेफ जुरान (१९०४–२००८) यांनी. रुमानियात जन्मून अमेरिकेत वाढलेल्या या अभियंत्यानं त्या तत्त्वाला पॅरेटोचं नाव दिलं आणि ते देण्यात आपली चूक झाली, अशी कबुलीही १९७५ साली दिली. मोजकी कारणं महत्त्वाची, बाकीची क्षुल्लक, असं ते म्हणत. पुढे ‘क्षुल्लक’ बदलून त्यांनी ‘उपयुक्त’ म्हटलं.

हा बदल मला फार मोलाचा वाटतो. त्याला कारण आहे. माझ्या आलेखात अगदी उजवीकडे एक बुटका खांब होता. सुट्या तक्रारी ‘इतर’ म्हणून मी त्यात कोंबल्या होत्या. त्यातली एक ओळ एका विधवा बाईंची होती. नवऱ्याच्या खात्यातले पैसे सात महिने अडकलेले. पुढच्या रविवारी मी तक्रारींऐवजी ताटकळलेले दिवस मोजले. तो बुटका खांब सर्वांत उंच झाला! कागद एका सहीसाठी थांबला होता, आणि ती सही माझ्याच खुर्चीची होती.

घरखर्च हाताबाहेर जातो, रोज त्याच त्या कुरबुरी होतात, तेव्हा असा आलेख जरूर काढावा. कुठे हात घालायचा, ते चटकन दिसतं. पण वाचकहो, काय मोजायचं ते आधी ठरवा. आणि वही मिटण्यापूर्वी ‘इतर’मध्ये कोण कोण आहे, ते एकदा नाव घेऊन वाचा.