मालमोटारींतील डिझेल हीटर व आपलें कर्तव्य

शेतीच्या मासिकांत मोटारींतील हीटरचा विषय कशाला, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांनीं हल्लीं स्वतःच्या मालमोटारी घेतल्या आहेत, आणि कांदा व द्राक्षें घेऊन आपलींच मुलें ऐन पौषांत दिल्ली-जम्मूपर्यंत व त्याही पलीकडे जातात. तिकडे बर्फानें घाट बंद पडला म्हणजे रात्री केबिनमध्येंच काढाव्या लागतात. कोळशाची शेगडी आंत घेऊन निजणें म्हणजे मृत्यूस उशाशीं घेणें होय. आणि इंजिन रात्रभर चालू ठेवावें, तर तासास दोन-तीन लिटर डिझेल व्यर्थ जळतें. लहान डिझेल हीटरास तेवढ्या वेळांत पाव लिटरच्या आसपास पुरतें. तेव्हां हीटर घेणें योग्यच. मात्र तो बसवितांना काटकसर करूं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

प्रस्तुत लेखकानें ती चूक केली आहे. पुतण्याच्या गाडीस हीटर बसवितांना कारागिरानें धुराची लांब नळी सांगितली होती. ती नको म्हणून आम्हींच घासाघीस केली. नळी केबिनच्या बुडाखालींच संपली, व सांधाही सैल राहिला. बनिहालच्या अलीकडे वाट बंद होऊन गाडी उभी असतां मध्यरात्रीं पुतण्यास डोकेदुखीनें व ओकारीनें जाग आली. क्लीनरच्या बाजूची कांच मोडकी असल्यानें चार बोटें उघडी होती, म्हणूनच दोघे वांचले. नळीवर किती पैसे वांचविले होते, हें लिहावयास लाज वाटते.

या हीटरांत हवेच्या दोन वाटा असतात व त्या कधींही मिसळतां कामा नयेत. एका वाटेनें बाहेरची हवा येते, लहानशा भट्टींत डिझेल जाळते व धूर होऊन बाहेरच जाते. दुसऱ्या वाटेनें केबिनमधील हवा भट्टीच्या तापलेल्या धातूवरून फिरून ऊब आणते. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं व वासही नाहीं. तो निजलेल्या माणसास बहुधा जागें होऊं देत नाहीं. म्हणून नळी धातूचीच असावी, तिचें तोंड केबिनपासून व हवा ओढणाऱ्या नळीपासून दूर बाहेर काढावें, सांधे प्रत्येक फेरीपूर्वीं तपासावे, आणि चिखलानें वा बर्फानें तोंड बुजलें नाहीं ना, हें पाहावें. हा वायू ओळखून घंटा वाजविणारें लहान यंत्रही केबिनमध्यें अवश्य असावें.

निगेच्या गोष्टी थोड्याच आहेत. हीटर त्याच्या बटणानेंच बंद करावा. एकदम वीज तोडल्यास पंखा थांबतो व तापलेली भट्टी बिघडते. सदैव मंद आंचेवर ठेवल्यास आंत काजळी धरते, म्हणून मधूनमधून पूर्ण आंचेवर चालवावा. उन्हाळ्यांतही महिन्यांतून एकदां दहा मिनिटें चालवावा. डिझेल भरतांना तो बंद असावा. अति थंडींत साधें डिझेल मेणासारखें घट्ट होतें. यास्तव इंडियन ऑइलनें २०१९ सालीं लडाखकरितां उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें डिझेल काढलें. तिकडे जाणाऱ्यानें तसेंच तेल घ्यावें.

महसूल खात्यांत असतां वीज पडून वा पुरांत मेलेल्यांचे पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले. तेथें उपाय नव्हता, येथें आहे. गाडी ज्याच्या नांवावर आहे, त्यानें किल्ली मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं एकदां स्वतः वांकून ती नळी पाहावी, एवढीच विनंती आहे.