विजेतेपद हा डावपेचांचा पुरावा नव्हे

‘फुटबॉल मॅनेजर’ या संगणकीय खेळात खेळणारा चेंडूला पाय लावत नाही. तो संघाचा व्यवस्थापक होतो, खेळाडूंची खरेदी-विक्री करतो, सराव आखतो, मैदानावरील रचना ठरवतो आणि आपली योजना सामन्यात कशी उतरते ते पाहतो. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या इंग्लंडमधील बंधूंनी घडवलेला ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’ १९९२ मध्ये बाजारात आला आणि त्याचीच परंपरा २००४ पासून सध्याच्या नावाने चालू आहे. एवढ्या दीर्घ काळात या खेळाच्या चाहत्यांमध्ये डावपेचांविषयी परस्परविरोधी अशी दोन मते रुजली असून, ती दोन्ही तपासून बाजूला सारल्याशिवाय डावपेचांचे खरे मोल कळणार नाही.

पहिल्या मताचा पूर्वपक्ष असा : सामन्यातील प्रत्येक घटना ठरवणारी जी गणनयंत्रणा, म्हणजे ‘मॅच इंजिन’, तिला सर्वाधिक मानवणारी एक रचना असतेच, ती हाती लागली की संघ कोणताही असो, यश निश्चित, आणि हंगामाअखेरचा गुणतक्ता हाच तिच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा. हे मत अगदीच निराधार नाही. चेंडू गमावताच प्रतिस्पर्ध्याच्याच भागात सामूहिक दबाव आणून तो परत मिळवण्याची ‘गेगेनप्रेस’ पद्धत अलीकडच्या आवृत्त्यांत प्रभावी ठरलेली आहे. दोष आहे तो पुराव्याच्या कल्पनेत.

फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात, म्हणून एखाद्या चुकलेल्या फटक्यानेही निकाल पालटतो. ज्या संघाला प्रत्येक सामन्यात विजयाची शक्यता ६० टक्के, बरोबरीची २० आणि पराभवाची २० टक्के आहे, त्याला सामन्यामागे सरासरी २ गुण, म्हणजे ३८ सामन्यांत ७६ गुण अपेक्षित असतात. सामने परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर या बेरजेचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून दूर जाण्याचे संख्याशास्त्रीय माप, सुमारे ८ गुण येते. याचा अर्थ असा की, खेळाडू, रचना आणि प्रतिस्पर्धी यांत काडीचाही बदल न करता तोच हंगाम पुन्हा पुन्हा खेळला, तर साधारणपणे तीनपैकी दोन वेळा गुणसंख्या ६८ ते ८४ यांच्या दरम्यान राहील आणि उरलेल्या वेळी ती त्याही पलीकडे जाईल. ८४ गुणांवर विजेतेपद मिळू शकते, ६८ गुणांवर पहिल्या चारांतील स्थानही डळमळते. डावपेच मात्र दोन्हीकडे एकच. एका पावसाळ्याच्या पिकावरून बियाण्याची प्रत ठरवू नये, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. एका हंगामावरून रचनेची प्रत ठरवणाऱ्यानेही ते लक्षात घ्यायला हवे.

प्रत्यक्ष मैदानाची साक्षही हीच आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये ८१ गुणांवर विजेतेपद मिळवले, तर २०१८-१९ मध्ये लिव्हरपूल ९७ गुण मिळवून आणि केवळ एक सामना हरूनही मँचेस्टर सिटीच्या मागे, दुसऱ्या स्थानी राहिला. चषक हेच माप मानले, तर ८१ गुणांचे डावपेच ९७ गुणांच्या डावपेचांहून सरस ठरवावे लागतील. संगणकीय खेळात या मापाला आणखी एक दोष जडतो. पराभव झाला की जतन केलेली जुनी स्थिती पुन्हा उघडून तोच सामना खेळणारा चाहता प्रतिकूल निकाल पुसून टाकतो, आणि मग उरलेल्या अनुकूल निकालांची बेरज रचनेच्या नावावर जमा करतो. असा गुणतक्ता रचनेविषयी काहीच सिद्ध करीत नाही.

शिवाय ‘कोणताही संघ’ हा शब्दप्रयोगच टिकत नाही. खेळाडूच्या दृश्य क्षमता १ ते २० या मापावर दाखवल्या जातात, आणि सातत्य किंवा मोठ्या सामन्यांतील कामगिरी यांसारख्या काही क्षमता तर दाखवल्याही जात नाहीत. दम आणि वेग कमी असलेल्या खेळाडूंवर अखंड दबावाची पद्धत लादली, तर ते सामन्याच्या उत्तरार्धात थकतात आणि बचावफळीच्या मागे मोकळी जागा सोडतात. त्यातच संघाचा लौकिक वाढला की प्रतिस्पर्धी सावध होऊन आपल्या गोलजवळ दाटी करतात. म्हणून पहिल्या हंगामात मोकळ्या जागेवर जगलेली रचना दुसऱ्या हंगामात अडखळते.

या खंडनातून दुसऱ्या मताला बळ मिळते, असे कोणी समजू नये. ते मत म्हणते की सारा खेळ यदृच्छेचा आहे, डावपेच हा केवळ मनाचा समज आहे. पण सप्टेंबर २०१६ मध्ये आर्सेनलकडून ०-३ असा पराभव झाल्यावर चेल्सीचे तत्कालीन व्यवस्थापक आंतोनियो कोंते यांनी संघाला तीन मध्यवर्ती बचावपटूंच्या ३-४-३ रचनेकडे वळवले, त्यानंतर संघाने लीगमधील सलग १३ सामने जिंकले आणि ९३ गुणांसह विजेतेपद मिळवले. प्रत्येक सामन्यात विजयाची शक्यता ६० टक्के धरली, तरी १३ सामने ओळीने जिंकण्याची शक्यता हजारात जेमतेम एक भरते. रचना बदलताच घडलेली एवढी दीर्घ विजयमालिका निव्वळ योगायोगाच्या खात्यावर टाकणे हे विवेकाला धरून नाही.

सिद्धान्त म्हणून मांडायचे ते असे : डावपेच निकाल ठरवत नाहीत, ते शक्यता बदलतात, आणि शक्यतेतील बदल हा निकालातून नव्हे, तर निकालामागील प्रक्रियेतून आधी दिसतो. २०२१ च्या आवृत्तीपासून या खेळात ‘अपेक्षित गोल’ हे माप आले आहे. प्रत्येक फटक्याचे गोलात रूपांतर होण्याची शक्यता मोजून त्यांची बेरज केली, की संघाने किती संधी निर्माण केल्या आणि किती दिल्या हे कळते. सलग अनेक सामन्यांत हे माप प्रतिस्पर्ध्याहून वरचढ राहत असेल, तर दोन-चार पराभवांनी रचना मोडू नये; ते खाली असेल, तर विजयांच्या रांगेनेही निर्धास्त होऊ नये. जो रचनांची तुलना करू पाहतो, त्याने तोच संघ घेऊन, एकही निकाल न पुसता, निदान दहा हंगामांची सरासरी काढावी. कारण तसे केल्यास आठ गुणांची ती अनिश्चितता अडीच गुणांपर्यंत उतरते आणि रचनेमुळे पडलेला फरक दिसू लागतो.

यावर असा आक्षेप येईल की, हा करमणुकीचा खेळ आहे, त्याला एवढी शिस्त कशाला? उत्तर असे की, या खेळाची करमणूकच मुळी विचारात आहे. आपली योजना का फळली आणि का फसली हे समजण्याचा आनंद वजा केला, तर उरतो तो आकड्यांचा तक्ता. म्हणून तयार रचना उचलून चषक मोजणाऱ्यापेक्षा, आपल्या खेळाडूंना साजेशी रचना उभारून तिच्या अपयशाचेही कारण सांगू शकणारा व्यवस्थापक, सातव्या स्थानी राहिला तरी, अधिक जाणता मानला पाहिजे.