तिसरं गेट

‘गेट’ म्हटलं की आपल्या होस्टेलवर दोनच गोष्टी आठवतात. एक, थर्ड इयरपासून ज्याचे क्लास लावतात ते. दुसरं, रात्री दहाला वॉचमन ज्याला कुलूप घालतो ते. पहिल्याचा स्कोअर आणि दुसऱ्यावरून मारलेल्या उड्या, दोन्ही माझ्या खात्यावर जमा आहेत. पण मला खरी अक्कल शिकवली ती तिसऱ्याच गेटने. ते गेट म्हणजे बर्फात रोवलेली एक काठी!

मित्रहो, त्याचं असं झालं. इथून बी.ई. होऊन मी एम.एस.साठी अमेरिकेत मिशिगनच्या पार उत्तर टोकाला गेलो. होटन नावाचं गाव, लेक सुपिरियरच्या पट्ट्यातलं. वर्षाला सरासरी पाच मीटरपेक्षा जास्त बर्फ पडतो. विद्यापीठाच्या मालकीची स्कीइंगची एक टेकडीच तिथे आहे, माँट रिप्ली. मी सोलापूरचा. आमच्याकडे बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर. दोनदा स्की बांधून उभा राहिलो, दोन्ही वेळा आडवा झालो. शेवटी लॅबमधला एक मित्र म्हणाला, “तुला घसरता येत नाही, मग उभा तरी राहा. शनिवारी मुलांची रेस आहे आणि गेट जज कमी पडतायत.”

स्लालम शर्यतीत उतारावर लाल-निळ्या काठ्या आळीपाळीने लावलेल्या असतात. एका वळणापासून पुढचं वळण 6 ते 13 मीटरवर. खेळाडू जवळजवळ सेकंदाला एक गेट मारत खाली येतो. प्रत्येक गेटची रेषा दोन्ही स्कींच्या टोकांनी आणि दोन्ही पावलांनी ओलांडली पाहिजे. ती ओलांडली की नाही हे बघणारा माणूस म्हणजे गेट जज. हौशी शर्यतीत हे सगळे बिनपगारी. कुणी शाळामास्तर, कुणी सुतार, बरेचसे तर खेळणाऱ्या मुलांचेच आईबाप. स्टार्टला सोडणारे, उतारावर आडवं घसरत बर्फ सपाट करणारे, घड्याळवाले, सगळे असेच. पुढे रेफरी वगैरे व्हायचं तर ‘यू.एस. स्की अँड स्नोबोर्ड’ या संस्थेचं सभासदत्व, वर्ग, परीक्षा असं पायरीपायरीने जावं लागतं. पहिल्या दिवशी मात्र लागतात उबदार बूट, दोन डोळे आणि पेन्सिल. पेनची शाई थंडीत गोठते म्हणून पेन्सिल!

माझा जीव पहिल्यांदा जडला तो घड्याळांवर. वेळ इलेक्ट्रॉनिक यंत्र सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतं. पण शेजारी माणसंही हातात स्टॉपवॉच घेऊन स्वतंत्रपणे वेळ घेत असतात. यंत्राने एखाद्याची वेळ गाळली, तर त्याची हाताने घेतलेली वेळ तशीच लावत नाहीत. इतर दहा खेळाडूंच्या यंत्राच्या आणि हाताच्या वेळांतले फरक काढतात, त्यांची सरासरी घेतात आणि तेवढी दुरुस्ती करतात. म्हणजे अंगठा चुकणार हे गृहीत धरलेलं आहे आणि त्याच्या चुकीचंही गणित आहे. मेजरमेंट्सच्या तासाला डुलक्या घेतलेल्या मला तो सगळा चॅप्टर तिथे, बर्फात, पाच मिनिटांत कळला.

डोळ्याचं मात्र असं गणित नाही, हे दुपारी कळलं.

बारा-तेरा वर्षांची एक मुलगी माझ्या गेटपाशी आली. काठी जोरात हलली, पोरगी डगमगली, सावरली आणि निघून गेली. बर्फातला वळ बघितला तर एक स्की काठीच्या चुकीच्या बाजूने गेल्यासारखी वाटली. मी कार्डावर तिचा नंबर लिहिला, गेटचा नंबर लिहिला आणि नियमाप्रमाणे चित्र काढलं. चित्र झकास आलं. ड्रॉइंगच्या शीटा काढलेला हात तो! बाद झालेल्यांच्या यादीत तिचं नाव लागलं. यादी लागल्यापासून 15 मिनिटांत हरकत घेता येते. तिच्या कोचने ती घेतली आणि मला बोलावणं आलं.

रेफरी म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे विचारलं, “स्कीचं टोक कुठल्या बाजूने गेलं ते तू पाहिलंस का?”

“वळ तसा होता.”

“वळ आधीच्या कुणाचाही असेल. तू काय पाहिलंस?”

खरं सांगायचं तर नेमक्या त्याच क्षणी माझ्या चष्म्यावर बर्फाचा भुगा उडाला होता आणि मी तो पुसत होतो. टोक मी पाहिलंच नव्हतं. पण चित्र इतकं छान जमलं होतं की माझाच त्यावर विश्वास बसायला लागला होता. “हो” म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? ती पोरगी बाजूला उभी होती, हेल्मेट हातात धरून. मी म्हटलं, “नाही पाहिलं.”

गेट जजची खात्री नसेल तर संशयाचा फायदा खेळाडूला. तिचं नाव यादीतून निघालं. म्हाताऱ्याने मला ना रागावलं, ना शाबासकी दिली. म्हणाला, “दुसऱ्या रनला टोपी जरा खाली ओढ, चष्म्यावर बर्फ येणार नाही.” आणि हातात कोरं कार्ड दिलं.

त्या रात्री मला आपल्या इथली माझी सेकंड इयरची जर्नल आठवली. आधी ग्राफ, मग रीडिंग! मेसमध्ये झालं नसेल एवढं ‘कुकिंग’ आम्ही लॅबमध्ये केलं. सबमिशनच्या आदल्या रात्री जीटी मारायची आणि सकाळी सही घ्यायची. आता मी याच कॉलेजात शिकवतो. म्हणजे सही मारणारा मीच. मुलं म्हणतात, “सर, यंत्र जुनं आहे, रीडिंग येतच नाही. कोरा रकाना ठेवला तर मार्क जातात.” खोटं नाही त्यांचं. कोऱ्या रकान्याला शिक्षा आणि बनावट आकड्याला सही, हा नियम आम्ही मास्तरांनीच केलाय.

पण अंगठ्याची चूक दुरुस्त करता येते, कारण ती प्रामाणिकपणे लिहिलेली असते. स्टॉपवॉचवाल्याने यंत्राच्या बोर्डाकडे चोरून बघून आकडा लिहिला तर दुरुस्ती कशाची करणार? दहा खोट्या आकड्यांच्या सरासरीतून खरा आकडा निघत नाही. 2022च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये गुलमर्गचा आरिफ खान जायंट स्लालममध्ये 45वा आला. त्या 45व्या नंबरालाही किंमत आहे, कारण प्रत्येक गेटवर कुणीतरी नजर रोखून उभं होतं.

म्हणून दोन गोष्टी. होस्टेलच्या मॅचला अंपायर कोण, तर ज्याची विकेट आधी पडली तो, आणि तोही बॅटिंग साइडचा! हे थांबवा. या गॅदरिंगला कुणीतरी आपण होऊन शिट्टी मागा, अंपायरिंग मागा, नियम वाचून या. खेळापेक्षा जास्त शिकाल, शपथेवर सांगतो.

आणि दुसरी गोष्ट माझ्याकडे लागली. या टर्मपासून माझ्या बॅचच्या जर्नलमध्ये “रीडिंग घेता आलं नाही” असं कारणासकट लिहिलेलं असेल, तर एकही मार्क कापणार नाही. फक्त कारण पेनने लिहा. आपल्याकडे शाई गोठत नाही!