नमाजाची वेळ सांगा, माझा ठावठिकाणा विकू नका

इगतपुरीत फजर किती वाजता, हे सांगायला अ‍ॅपला गावाचं नाव पुरेसं आहे. मशिदीतली छापील वेळापत्रकं तेवढ्यावरच चालत आली आहेत. किब्ल्याची दिशाही गावातल्या एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेल्याने बदलत नाही. मग नमाजाच्या अ‍ॅपला माझं नेमकं घर कशाला कळायला हवं?

हा उगाच घेतलेला संशय नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या ‘मदरबोर्ड’ने बातमी दिली की, नऊ कोटींहून अधिक वेळा डाउनलोड झालेलं ‘मुस्लिम प्रो’ हे अ‍ॅप वापरणाऱ्यांचं लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीला देत होतं. एक्स-मोडच्या ग्राहकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. लष्कराला आम्ही थेट काही विकलं नाही, असं मुस्लिम प्रोने सांगितलं आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. तोडले, पण बोभाटा झाल्यावर! पुढच्याच महिन्यात अ‍ॅपल आणि गूगलने एक्स-मोडचा कोड काढून टाका, असं अ‍ॅपवाल्यांना बजावलं.

हा धंदा साधा आहे. अ‍ॅप फुकट मिळतं. बनवणारा त्यात दुसऱ्या कंपनीचा तयार कोड बसवतो आणि त्याचे पैसे घेतो. तो कोड फोनचा जाहिरात-क्रमांक, जागा आणि वेळ गुपचूप पाठवत राहतो. ‘त्यात नाव नसतं’ हा बचाव फसवा आहे. फोन रोज रात्री जिथे असतो ते घर, शुक्रवारी दुपारी जिथे थांबतो ती मशीद. एवढं हाती आल्यावर नाव शोधणं अवघड राहत नाही.

‘आपण काही गैर करत नाही, मग भीती कसली?’ असं आपल्यातलेच अनेकजण म्हणतात. दाराला कडी आपण चोरीचा माल लपवायला लावतो का? परवानगीशिवाय कुणाच्या घरात शिरू नये, कुणावर पाळत ठेवू नये, ही शिकवण सूरह नूर आणि सूरह हुजुरातमध्ये आहे. दीनच्या नावावर चालणाऱ्या अ‍ॅपनेच ती मोडावी आणि आपण गप्प बसावं?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो की, कामापुरतीच माहिती मागावी आणि तीही स्पष्ट संमतीने. पण त्याच कायद्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. म्हणजे खासगी कंपनीला कुलूप आणि सरकारसाठी मागचं दार उघडं! हे दार सगळ्याच नागरिकांसाठी धोक्याचं आहे, आणि ज्या समाजाकडे आधीच संशयाने पाहिलं जातं त्याच्यासाठी जास्तच.

म्हणून आपल्या हातात आहे तेवढं आजच करा. अ‍ॅपची लोकेशन परवानगी बंद करून शहराचं नाव हाताने निवडा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जाहिरात-क्रमांक पुसून टाकण्याची सोय आहे, ती वापरा. मशिदीच्या ग्रुपवर अ‍ॅपची लिंक पाठवणाऱ्या जिम्मेदारांना विचारा, हे अ‍ॅप माहिती कुणाला देतं? उत्तर नसेल, तर वेळापत्रकाचा फोटो पाठवा म्हणावं. वेळ त्यातूनही कळते, आणि तो फोटो कुणाचा माग काढत नाही.