गाडीतला टेप घरात लावताना

गाडी विकताना किंवा तिच्यात टचस्क्रीन बसवताना काढलेला जुना टेप आणि त्याचे स्पीकर तुमच्याही माळ्यावर पडून असतील. ‘हे घरात वाजतील का?’ वाजतील, आणि छान वाजतील. फक्त एक गोष्ट विसरू नका. हा टेप बॅटरीवर चालणारा आहे. त्याची वायर थेट घरच्या प्लगमध्ये गेली, तर टेप जळेलच, पण शॉक बसून जिवावरही बेतेल.

गाडीत १२ व्होल्ट डीसी असतो, घरात २३० व्होल्ट एसी. मधला दुवा म्हणजे एसएमपीएस. एलईडी पट्ट्या किंवा सीसीटीव्हीचे सामान विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. साध्या टेपसाठी १२ व्होल्ट, १० अँपिअरचा घ्या. राउटरचा छोटा अ‍ॅडॉप्टर पुरत नाही. आवाज वाढवला की टेप बंद पडतो. जुनी बॅटरी खोलीत ठेवून चार्ज करणे तर टाळाच. तिच्यात आम्ल असते आणि चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

आमच्या उरला-बिरगाव भागात कारखान्यांत काम करणारे हात घरोघरी आहेत. वायर सोलणे, जोडणे आपल्याला नवे नाही. म्हणूनच जास्त जपा. एसएमपीएसची २३० व्होल्टची बाजू इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या. अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग लावा. उघडे स्क्रू झाकून, हवा खेळेल अशा जागी पण मुलांचा हात पोहोचणार नाही असा तो ठेवा.

आता टेपच्या वायरी. बहुतेक टेपमध्ये पिवळी वायर कायम चालू असते, ती घड्याळ आणि स्टेशनांची आठवण ठेवते. लाल वायर चावी फिरवल्यावर चालू होते. काळी ऋण असते. घरात पिवळी व लाल एकत्र करून धन टोकाला, काळी ऋण टोकाला जोडा. लाल वायरीत बटण घातले तर स्टेशने पुसली जात नाहीत. पिवळीवर, टेपवर लिहिलेल्या अँपिअरचाच फ्यूज हवा. रंग वेगळे असू शकतात, म्हणून टेपवरची चिठ्ठी आधी वाचा. स्पीकरच्या वायरी काळ्या वायरीला किंवा एकमेकींना चिकटू देऊ नका, नाहीतर टेप खराब होतो. रेडिओसाठी अँटेनाच्या जागी पाऊण मीटर वायर पुरते.

स्पीकर नुसता टेबलावर ठेवला तर आवाज पोकळ येतो. पुढची आणि मागची लाट एकमेकींना खातात, ढोलकीचा ठेका नाहीसा होतो. गाडीत दार त्याला पेटीचे काम करते. घरी प्लायवूडची घट्ट पेटी करा आणि आत थोडा कापूस भरा. सुताराकडचे उरलेले तुकडेही चालतात.

शेवटी शेजाऱ्यांचे. नियमाप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण आपल्याकडे रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारीच झोपतो. त्याची झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशी यंत्रापुढे डुलकी लागते. तेव्हा आवाज आपल्या भिंतीपुरता ठेवा. आजोबांनी रायपूर आकाशवाणी लावली, की जुन्या टेपचे सार्थक झाले म्हणा!