सावली कुठे गेली?

आपलं शिरूर कासार साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस एकेका दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग आड येतात. मेमध्ये आभाळ बहुधा मोकळं आणि शाळेला सुट्टी. अंगणात काठी सरळ रोवा. बारा ते पाऊण, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी मुलांना खडा ठेवू द्या. मुलं ‘असं का?’ म्हणाली, तर लगेच उत्तर देऊ नका. उद्या पुन्हा मोजायला सांगा.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत पद्मश्री अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं अशाच साध्या, टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवलं. त्यांच्या पद्धतीने काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीने जोडा: चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण जागचा हलत नाही. भूमिती अशी बोटांना कळते.

आपल्याकडची कितीतरी मुलं दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. शाळा सुटते, कुतूहल सुटू नये. कोपीपुढच्या, म्हणजे तिथल्या झोपडीपुढच्या, काठीची सावली थंडीत भरदुपारीही किती लांब पडते, ते त्यांनीही मोजावं. मुलांच्या नोंदी आम्हाला जरूर पाठवा. त्या आम्ही आनंदाने छापू.