परळहून परतल्यानंतर

दादरा नगर हवेलीतील दुधनी किंवा मांदोनीसारख्या गावातले एखादे वारली वा कोकणा मूल कर्करोगाने ग्रासले, तर त्याचे आईबाप त्याला घेऊन आधी सिल्वासास, तेथून वापीस आणि वापीहून आगगाडीने मुंबईस परळच्या टाटा रुग्णालयात जातात. वाट लांबची असली तरी माहितीची आहे. पण तेच मूल बरे होऊन गावी परतते, तेव्हा त्याची वाट कोणी आखली आहे काय, हा प्रश्न आम्ही आज उपस्थित करीत आहोत.

बालकर्करोग म्हणजे मृत्यूच, ही समजूत आता टाकून द्यावयास हवी. सधन देशांत अशा मुलांपैकी शेकडा ८० हून अधिक मुले बरी होतात, आणि २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत जगभर निदान शेकडा ६० मुले जगावीत असे उद्दिष्ट ठरविले आहे. खुद्द टाटा रुग्णालयाचा अनुभव बोलका आहे. २००९ च्या सुमारास तेथे दर पाच मुलांमागे जवळजवळ एकाचे उपचार नाकारले जात किंवा अर्धवट सुटत. औषध, निवास, अन्न आणि धीर या साऱ्यांची सोय एका व्यवस्थेखाली आणल्यावर काही वर्षांतच हे प्रमाण शेकडा पाचाच्या आत आले. उपचार मध्येच सोडणारे आईबाप निष्काळजी नव्हते. त्यांच्यापाशी मुंबईत डोके टेकावयास जागा आणि घरी परतावयास भाडे नव्हते, एवढेच.

परंतु रोग गेला म्हणजे मूल पूर्ववत् झाले असे नव्हे. काही औषधांनी पायांच्या नसा दुबळ्या होतात, काहींनी श्रवणशक्ती मंदावते, तर काहींचा परिणाम कित्येक वर्षांनंतर हृदयावर दिसतो. डोळ्याच्या कर्करोगात पुष्कळदा डोळाच काढावा लागतो. हाडाच्या कर्करोगात पाय गमावलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलास कृत्रिम पाय मिळाला तरी मूल वाढते, पाय वाढत नाही. तो वरचेवर बदलावा लागतो. मधुबन जलाशयाकाठच्या चढउताराच्या पायवाटांवर चालावयाचे, तर व्यायामोपचारही नित्य हवेत. त्यासाठी दर खेपेस परळ गाठावयाचे काय? आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण आहे खरे, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांचे, आणि घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांपुरते. सोळाव्या दिवसापासूनचा खर्च बापाच्या मजुरीतून.

शाळेची गोष्ट निराळी नाही. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष शिकवणी दिली आहे. मात्र केस गळालेल्या मुलापासून इतरांस लागण होईल, या खुळ्या भीतीस कायदा काय करणार? तेथे शिक्षकानेच वर्गासमोर उभे राहून सांगावयास हवे.

उपचार संपलेल्या मुलांची तपासणी करणारा स्वतंत्र विभाग टाटा रुग्णालयात १९९१ पासून आहे, आणि बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट २००९ पासून नव्या मुलांस आधार देतो. म्हणजे ज्ञान उपलब्ध आहे. अडले आहे ते अंतरात.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, तेव्हा आझाद गोमंतक दलाचे तरुण त्या लढ्यात होते. गोमंतकीय वाचकांस ही भूमी परकी वाटू नये, यासाठीच हे स्मरण. आता तेथे विनोबा भावे नागरी रुग्णालय आहे, २०१९ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. या दोहोंनी आठवड्यातील एक दिवस परळहून परतलेल्या मुलांसाठी ठेवावा. त्या दिवशी व्यायामोपचारतज्ज्ञ, नेत्र व श्रवणतज्ज्ञ एका छपराखाली बसावेत. परळच्या डॉक्टरांशी दूरध्वनीवरून सल्लामसलत व्हावी. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असल्यास त्याचा दाखला तेथेच मिळावा. खानवेल भागातून येणाऱ्या मुलाचे व सोबत्याचे बसभाडे प्रशासनाने द्यावे. प्रत्येक मुलाच्या नावाची एक वही तेथे असावी आणि ठरल्या दिवशी जो आला नाही, त्याच्या घरी आशा कार्यकर्तीने त्याच आठवड्यात जाऊन यावे.